पार्टीचा माल

वापीच्या एका गोदामातून प्लास्टिक दाण्याची एकच गोणी टेम्पोत चढते. पंचवीस किलोची, किंमत फार तर अडीच-तीन हजार रुपये. ही गोणी विकली असती तर ई-वे बिल लागलंच नसतं. ते पन्नास हजारांच्या वरच्या मालाला लागतं. पण गोणी विकलेली नाही. सिल्वासाच्या एका मोल्डिंग कारखान्यात त्या दाण्याची झाकणं करून घ्यायची आणि झाकणं परत वापीला आणायची, एवढंच ठरलं आहे. यालाच जॉबवर्क म्हणतात. आणि एका राज्यातल्या मालकाने दुसऱ्या राज्यातल्या किंवा केंद्रशासित प्रदेशातल्या जॉबवर्करकडे माल पाठवला, तर त्याची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल काढावंच लागतं. जीएसटीच्या नियम १३८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

विकलेल्या मालापेक्षा न विकलेल्या मालावर कायदा अधिक बारीक नजर ठेवतो, याचं कारण साधं आहे. विकलेल्या मालाचं खातं बिलापाशी मिटतं. जॉबवर्कला गेलेल्या मालाचं खातं उघडं राहतं. माल वापीकराचा, पण तो पडलेला असतो सिल्वासाच्या शेडमध्ये. कारखान्याच्या बोलीत त्याला ‘पार्टीचा माल’ म्हणतात. या दोन शब्दांत जबाबदारी आहे आणि परकेपणाही आहे: हे आपल्याकडे आहे, पण आपलं नाही.

सिल्वासाच्या नकाशावर ही गोष्ट जास्तच उघडी पडते. वापी ते सिल्वासा हे अंतर वीस किलोमीटरच्या आतलं. वापी गुजरातमध्ये, थोडं पुढे गेलं की दादरा लागतं, ते केंद्रशासित, दादरा ओलांडलं की पुन्हा गुजरातची चिंचोळी पट्टी, ती संपली की नगर हवेली आणि सिल्वासा. एवढ्याशा वाटेत टेम्पो तीनदा हद्द बदलतो. खुद्द नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गाव आहे, ते गुजरातचं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहिले तर गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७ आणि दादरा-नगर हवेलीचे २६. भिवंडीचा सूत व्यापारी, वापीचा दाणेवाला आणि सिल्वासाचा कारखानदार यांची गोदामं एका दिवसात फिरून होतात, पण कर-खात्याच्या दृष्टीने ते तीन वेगवेगळ्या प्रदेशांतले रहिवासी आहेत.

मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, हा गुंता या भूमीला नवा नाही. १७७२ साली मराठा आरमाराच्या हातून ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान झालं. त्याची भरपाई आणि मैत्रीची खूण म्हणून १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगिजांना वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं तोडून द्यायचं कबूल केलं, आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी ही गावं त्यांच्याकडे गेली. पोर्तुगीज तिथे १९५४ पर्यंत राहिले. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि मग सिल्वासा मोकळं केलं. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्या तुकड्यांमध्ये होते. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला: दमणहून या गावांपर्यंत भारताच्या भूमीतून जायचा आमचा हक्क आहे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालयाने मराठी कागद तपासले आणि म्हटलं की पेशव्यांनी दिला तो फक्त सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क. सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांचं राज्य तिथे प्रत्यक्षात मानलं गेलं, हेही न्यायालयाने नोंदवलं. आणि वाटेच्या हक्काचा निवाडा देताना माणसं व सर्वसाधारण माल एका बाजूला, फौज व शस्त्रं दुसऱ्या बाजूला अशी विभागणी केली.

मला हा निकाल गोदामाच्या कामाशी फार जवळचा वाटतो. नेमकं काय दिलं होतं, गाव की गावाचा वसूल, हे एकशे ऐंशी वर्षांनी विचारलं गेलं, आणि उत्तर शोधायला सनदेतले शब्द होते म्हणून ते सापडलं. जॉबवर्कच्या चलनावरही नेमका हाच प्रश्न लिहिलेला असतो: काय दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, आणि परत काय यायचं आहे.

सिल्वासात कारखानदारी आली ती १९६५ नंतर. दान उद्योग सहकारी संघाने पिपरियाला औद्योगिक वसाहत उभारली, तोवर इथे वारली, धोडिया, कोकणा आदिवासींची शेती आणि जंगल होतं. मग विक्रीकरातली सूट, आयकरातली सवलत आणि वापीचं रेल्वे स्टेशन यांनी मुंबई-गुजरातचे उद्योग ओढून आणले. मसाट, खडोली, रखोली, नरोली, आठाल ही नावं मालवाहतुकीच्या बिल्ट्यांवर दिसू लागली. १९६१ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दोन धंदे इथे विशेष फोफावले, प्लास्टिक आणि पॉलिएस्टरचा धागा. दोन्हीत जॉबवर्क मोठं.

आता एक दळण घेऊ. घरातली बाई गव्हाचा डबा गिरणीत देते. गहू तिचा, दळणावळ गिरणीवाल्याची. तिला चिंता तीन गोष्टींची असते: माझंच पीठ मला मिळेल ना, आधीच्या बाजरीचं पीठ माझ्यात मिसळणार नाही ना, आणि वजन घटणार नाही ना. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात अशा व्यवहाराला निक्षेप म्हटलंय, आणि त्यातली उदाहरणंही जवळपास गिरणीचीच आहेत. कलम १५६ मध्ये खूण केलेल्या कापसाच्या शंभर गाठी दुसऱ्या खुणेच्या गाठींत मिसळल्या जातात. त्या वेगळ्या करता येतात, म्हणून मालकाला आपल्या शंभर गाठी परत मिळतात आणि निवडण्याचा खर्च ताबेदारावर पडतो. कलम १५७ मध्ये पंचेचाळीस रुपयांचं केपचं पीठ पंचवीस रुपयांच्या देशी पिठात मिसळलं जातं. तिथे निवडणं शक्यच नाही, म्हणून भरपाई. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने जो भेद केला, वेगळं करता येतं की येत नाही, तोच आजच्या गोदामात रोज समोर येतो.

भिवंडीचा एक सूत व्यापारी समजा. त्याच्याकडे दहा हजार किलो पीओवाय आहे, म्हणजे अर्धवट ओढलेला पॉलिएस्टर धागा. हा धागा तसाच मागावर घालून भागत नाही. सिल्वासाच्या टेक्स्चरायझिंग यंत्रावर तो तापवतात, ओढतात, पिळतात आणि पीळ उलगडतात. त्याला बारीक लाटा पडतात, फुगीरपणा येतो. मग तो डीटीवाय होतो आणि भिवंडीच्या मागांवर साडी, पडदा, ड्रेसचं कापड बनायला जातो. व्यापाऱ्याने माल सिल्वासाला पाठवायचा, मजुरी द्यायची, तयार धागा परत आणायचा.

इथे पहिली चूक होते ती सर्वांत साधी आणि सर्वांत महाग. ट्रक गेटबाहेर पडला की गोदामाचा माणूस वहीत दहा हजार किलो ‘जावक’ लिहितो आणि स्टॉकमधून वजा करतो. वाचायला ते बरोबर वाटतं, कारण गोदामात तो माल खरंच नाही. पण तो खपलेला नाही. दोन महिन्यांनी खरेदी खात्याला स्टॉक शून्य दिसतो आणि नवी खरेदी होते. तिकडे सिल्वासात आधीचा माल रॅकवर पडलेला असतो. पैसा दोनदा अडकतो. म्हणून गोदामाचा आदेश हा वजाबाकीचा नसावा, जागाबदलाचा असावा. माल ‘भिवंडी गोदाम’ या जागेवरून ‘सिल्वासा, अमुक पार्टी’ या जागेवर गेला. एकूण बेरीज तीच राहिली. मोठ्या कंपन्यांच्या सॅप प्रणालीत यासाठी ५४१ नावाची नोंद असते. त्या नोंदीने माल जॉबवर्करच्या नावावर दिसतो, पण मालकीतून जात नाही, आणि तयार माल आला की ५४३ ने कच्चा माल आपोआप खपतो. छोट्या कारखान्यांच्या टॅलीत ‘मटेरियल आउट’ आणि ‘मटेरियल इन’ अशी दोन व्हाउचरं आहेत, आणि दुसऱ्याकडचा आपला माल ठेवायला वेगळं गोदाम उघडता येतं. साधी दोन रकान्यांची वही असली तरी चालते. जागा बदलली आणि माल खपला या दोन घटना वेगळ्या लिहिल्या जातात की नाही, एवढंच तपासायचं.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी जॉबवर्कची ऑर्डर, तिच्यातून गोदामाला माल देण्याचा आदेश, आदेशावरून चलन, चलनावर समोरच्याची पोच. उलटं होतं तेव्हा, म्हणजे ट्रक आला म्हणून माल भरला आणि ऑर्डर नंतर फोनवर ठरवली, तेव्हा त्या मालाचं काय करायचं हे दोघांच्या दोन आठवणींवर राहतं. आदेशावर मालाचा कोड आणि वजन तर हवंच, पण धाग्याच्या बाबतीत डेनियर म्हणजे धाग्याची जाडी, पीळ एस की झेड, तेलाचं प्रमाण, कागदी ट्यूबचं वजन, मान्य वेस्टेज, किलोमागे मजुरी आणि परतीची तारीखही हवी. यातली एकही गोष्ट सोडली तर भांडण नेमकं तिथेच होतं.

ट्रकचा प्रश्न खरोखर अवघड आहे. भाडं पूर्ण गाडीचं असतं, म्हणून लागणाऱ्या चार टनांऐवजी नऊ टन भरून पाठवायचा मोह होतो. उरलेला पाच टन सिल्वासात पडून राहतो आणि त्यावर व्याज चालू असतं. उलट चारच टन पाठवले तर भाडं किलोमागे महाग पडतं आणि यंत्र मध्येच रिकामं राहायची भीती. यावर एकच नियम सांगता येत नाही. पण आदेश देणाऱ्याला सिल्वासातली शिल्लक माहीत असेल तर तो हा निर्णय डोळे उघडे ठेवून घेतो.

आता तेल. टेक्स्चरायझिंगच्या शेवटी धाग्याला तेल लावतात, म्हणजे तो मागावर घासत नाही. साधारण दोन-तीन टक्के. त्यामुळे या धंद्यात एक विचित्र गोष्ट घडते: दिल्यापेक्षा जास्त वजन परत येतं. आकडे मांडू. दहा हजार किलो पीओवाय गेलं. १.२ टक्के वेस्टेज, म्हणजे १२० किलो. उरलेल्या ९,८८० किलोवर अडीच टक्के तेल, म्हणजे २४७ किलो. परत आला १०,१२७ किलो धागा आणि १२० किलो वेस्ट. ज्याने आदेशात तेल लिहिलंच नाही, त्याला वाटतं १२७ किलो फायदा झाला. प्रत्यक्षात त्याने तेलाला धाग्याचा भाव लावला आहे, आणि मजुरी किलोवर असेल तर तेलाचीही मजुरी दिली आहे. याच्याही पुढची गोष्ट: तेल अडीचऐवजी तीन टक्के लागलं तर तयार वजन सुमारे पन्नास किलोंनी वाढतं. म्हणजे पन्नास किलो खरा धागा शेडमधून गायब झाला तरी काट्यावर पत्ता लागत नाही. हे चोरीसाठीच होतं असं नाही. यंत्राचा रोलर नीट बसला नाही तरी होतं. पण मोजलं तरच कळतं. म्हणून जाणकार व्यापारी आलेल्या मालातल्या दोन-चार कोनचं, म्हणजे ट्यूबवर गुंडाळलेल्या धाग्याचं, तेल प्रयोगशाळेत तपासून घेतात.

ट्यूबचंही तसंच. साधारण तीन किलोचा एक कोन धरला तर १०,१२७ किलोंचे जवळपास ३,३७५ कोन होतात. खोक्यावर ट्यूबचं वजन दहा ग्रॅमनी कमी लिहिलं असेल तर चौतीस किलो पुठ्ठा धागा म्हणून मोजला जातो. दहा ग्रॅम!

धाग्याचं नाव बदलतं हेही लक्षात ठेवावं लागतं. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १२६ डेनियरचं पीओवाय ओढलं की ८० डेनियरचा डीटीवाय होतो. एका किलोतला धागा सुमारे ७१ किलोमीटर होता, तो ११२ किलोमीटरच्या आसपास जातो. वजन जवळपास तेच, वस्तू मात्र वेगळी. गेलेला कोड आणि आलेला कोड कधीच सारखे नसतात, म्हणून ‘गेलं वजा आलं’ अशी सरळ वजाबाकी इथे चालत नाही. दोन कोडांमध्ये एक सूत्र बसवावं लागतं: इतक्या तयार मालामागे इतका कच्चा माल, इतकं तेल, इतकं वेस्ट. हे सूत्र दोघांनी आधी मान्य केलं असेल तर प्रत्येक परतीच्या वेळी संगणक कच्चा माल स्वतः वजा करतो, आणि महिनाअखेरीला उरतो तो फक्त फरक. खरं काम त्या फरकाचं.

घरगुती जॉबवर्कचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिलं आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड सुरू केला. तिथे बहिणी भिजवलेलं पीठ मोजून घरी नेतात, पापड लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून मोजून देतात. पीठ ओलं जातं, पापड कोरडा येतो. वजन घटणार हे सर्वांना ठाऊक असतं, आणि किती घटणार हेही. घट ठरलेली असली की तिच्यावर वाद होत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर दुसरं माप चालतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. आज तिथे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणणाऱ्याला ‘खर्चीवाला’ म्हणतात, आणि त्याची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर. किलोवर नाही. मला ते जास्त न्याय्य वाटतं, कारण त्यात मोबदला कष्टाला मिळतो; तेल किंवा ओल वाढल्याने तो वाढत नाही.

धाग्यात सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे लॉट. पीओवायच्या प्रत्येक लॉटला मर्ज नंबर असतो. दोन मर्जचे धागे डोळ्यांना सारखे दिसतात, हातालाही सारखे लागतात, पण रंगात टाकले की एक थोडा गडद, एक थोडा फिका उतरतो. ते एकत्र विणले गेले तर कापडावर पट्टे पडतात, आणि पट्टा दिसतो तो टेक्स्चरायझर, विणकर, रंगारी अशी तीन दारं ओलांडून झाल्यावर. तोपर्यंत कोण चुकलं हे सांगणारा फक्त कागद उरतो. हीच ती कलम १५७ मधली पिठाची गोष्ट, मिसळलं की निवडता येत नाही. म्हणून गोदामाच्या आदेशावर मर्ज नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा, पॅलेटवर तोच चिकटवावा, आणि परतीच्या प्रत्येक खोक्यावर मागून घ्यावा. एका शेडमध्ये दहा पार्ट्यांचा माल असताना जॉबवर्करलाही यातच संरक्षण आहे.

प्लास्टिकची गोष्ट त्यामानाने सोपी. दाणा वितळतो, साच्यात जातो, झाकण बाहेर येतं. जोडणारी दांडी, ज्याला रनर म्हणतात, ती दळून पुन्हा वापरता येते. किती टक्के दळलेला दाणा नव्यात मिसळायचा हे ठरवलं की हिशेब बसतो. गुंता असतो तो साच्याचा. साचा मालकाचा, लाखो रुपयांचा, आणि तो वर्षानुवर्षं जॉबवर्करकडे राहतो. कायद्याने साचे, डाय, जिग आणि हत्यारं यांना परतीच्या मुदतीतून वगळलं आहे. त्यामुळे त्यांच्यावर कुणाची नजर राहत नाही, आणि नजर नसलेली वस्तू हरवते. साच्यालाही कोड द्यावा, त्याच्याही चलनाची प्रत जपावी.

मुदतीचं सांगायचं तर केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४३ कच्च्या मालाला एक वर्ष आणि यंत्रसामग्रीला तीन वर्षं देतं. आयुक्त ती आणखी एक आणि दोन वर्षांनी वाढवू शकतात. मुदतीत माल परत आला नाही, किंवा जॉबवर्करच्या जागेवरूनच विकला गेला नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. म्हणजे करावर वर्षभराचं व्याज बसतं. एक्साइजच्या दिवसांत ही मुदत १८० दिवसांची होती, आणि त्या काळात काम केलेली माणसं अजूनही जॉबवर्कच्या चलनाला ‘फिफ्टी सेव्हन एफ फोर’ म्हणतात. तो जुन्या एक्साइज नियमाचा क्रमांक. कलम १४३ मधलं एक वाक्य मात्र प्रत्येक मालकाने भिंतीवर लावावं असं आहे: या मालाचा हिशेब ठेवायची जबाबदारी मालकाची. माल दुसऱ्याकडे गेल्याने हिशेब त्याच्याकडे जात नाही. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना दर सहा महिन्यांनी आणि बाकीच्यांना वर्षातून एकदा आयटीसी-०४ हा फॉर्म भरावा लागतो: कुठल्या चलनाने काय गेलं, काय आलं, काय उरलं. परतीच्या चलनावर मूळ चलनाचा नंबर लिहायची सवय लावली तर हा फॉर्म तासाभराचं काम. नाही लावली तर आठवडा जातो.

माल एका जॉबवर्करकडून परस्पर दुसऱ्याकडेही जाऊ शकतो, टेक्स्चरायझरकडून रंगाऱ्याकडे, त्याच चलनावर शेरा मारून. आणि सिल्वासाहून थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा असेल, तर जॉबवर्कर स्वतः नोंदणीकृत तरी हवा, नाहीतर त्याची जागा मालकाने आपली जादा जागा म्हणून दाखवलेली हवी. भाडं आणि वेळ वाचवणारी ही सोय आहे, पण तिच्यात माल भिवंडीच्या गोदामाला स्पर्शच करत नाही. कागदावर मात्र त्याला गोदामात यावं लागतं आणि लगेच बाहेर पडावं लागतं. आवक आणि जावक, दोन्ही आदेश त्याच दिवसाच्या तारखेने काढले नाहीत, तर सिल्वासाची शिल्लक फुगलेली राहते.

जॉबवर्करची बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्या शेडमधला माल त्याच्या ताळेबंदात येत नाही, पण आग लागली तर जळतो तो त्याच्या छपराखाली. आणि पॉलिएस्टर, प्लास्टिक पेटायला वेळ लागत नाही. आगीच्या साध्या विमा पॉलिसीत विश्वासाने ठेवलेला दुसऱ्याचा माल आपोआप धरला जात नाही. तो वेगळा लिहून घ्यावा लागतो. कोण लिहून घेणार, मालक की जॉबवर्कर, हे ऑर्डरमध्येच ठरवावं. नाहीतर दोघांनाही वाटत राहतं की दुसऱ्याने विमा काढला असेल.

आणि मजुरी. करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला एक हक्क दिला आहे: ज्या वस्तूवर त्याने कसब लावलं, ती मोबदला मिळेपर्यंत तो अडवून ठेवू शकतो. कायद्यातलं उदाहरण आहे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं. सिल्वासाचा टेक्स्चरायझरही या जोरावर माल रोखू शकतो. पण बहुतेक जण तसं करत नाहीत, कारण पार्टी गमवायची भीती असते; ते वाट पाहतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे. २०२३-२४ या वर्षापासून मुदत उलटलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरली जाते, तेव्हा कुठे मोठ्या खरेदीदारांची चाल बदलू लागली. गोदामाचा हिशेब आणि मजुरीचं बिल यांचा संबंध इथे येतो. माल आल्याची नोंद वेळेवर झाली नाही तर बिल अडकतं, आणि ज्याने मन लावून काम केलं तो थांबतो. आवक नोंदवणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर कुणाच्या तरी कामगारांचा पगार पडून असतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे.

३१ मार्चला भिवंडीचा माणूस सिल्वासाच्या शेडमध्ये मोजणीला येतो. रॅकवरचे पॅलेट मोजणं सोपं: मर्ज नंबर वाचायचा, खोकी मोजायची, दोन-चार उघडून काट्यावर ठेवायची. तयार कोन मोजणंही सोपं. वेस्टची पोती बाजूला, तीही वजन करून, कारण वेस्टही पार्टीचंच. अडतं ते यंत्रापाशी. क्रीलवर, म्हणजे यंत्राला धागा पुरवणाऱ्या मांडणीवर, २१६ बॉबिन चढलेले, धागा चालू, कुठला नुकताच लावलेला, कुठला संपत आलेला. यंत्र थांबवून प्रत्येक बॉबिन उतरवणं परवडत नाही. मग दोघं मिळून क्रीलभोवती फिरतात, सरासरी सहा किलो उरलं असेल असं ठरवतात आणि १,२९६ किलो लिहितात. जॉबवर्करचा सुपरवायझर आणि भिवंडीचा माणूस एकाच कागदावर सह्या करतात, दोन प्रती, एकेक दोघांकडे. हे १,२९६ किलो पीओवायच्या कोडखालीच लिहायचे, कारण तयार मालाच्या आवकेची पावती फाटेपर्यंत तो धागा पीओवायच आहे.